'कन्कशन' पाहिल्यावर मुलाला फुटबॉल खेळू द्यावा का?

प्रश्न: आम्ही गेली काही वर्षं न्यू जर्सीत राहतो. मुलगा १२ वर्षांचा आहे आणि पुढच्या हंगामापासून टॅकल फुटबॉल (समोरच्याला आडवं पाडायचा अमेरिकन फुटबॉल) खेळायचंच म्हणून हट्ट धरून बसला आहे. परवा घरी 'कन्कशन' पाहिला, फुटबॉलपटूंच्या मेंदूच्या आजारावरचा सिनेमा. ह्यांचं म्हणणं, सिनेमावाले वाढवून सांगतात, आता हेल्मेटं चांगली आली आहेत. माझी मात्र झोप उडाली. त्यातलं किती खरं धरायचं?

उत्तर:

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तीस वर्षं मुंबईत शवविच्छेदनाच्या टेबलापाशी आणि मायक्रोस्कोपखाली मेंदू पाहत आले. चित्रपटकलेतलं मला फारसं कळत नाही, पण २०१५ च्या या चित्रपटात विल स्मिथनं साकारलेला डॉक्टर जे काम करतो, ते मी रोज केलं आहे. चित्रपटाचा गाभा खरा आहे. कडेचं बरंच रचलेलं आहे. आणि तुमच्या घरच्या प्रश्नाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध, ती गोष्ट चित्रपटाच्या नावामुळेच झाकली जाते.

आधी गाभा. २८ सप्टेंबर २००२ चा शनिवार. पिट्सबर्गमध्ये ॲलेगेनी काउंटीच्या कोरोनर कार्यालयात माइक वेबस्टर यांचा देह आला. तिथल्या 'स्टीलर्स' या फुटबॉल संघाचे सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचे खेळाडू, चार सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) जिंकलेले, १७ हंगाम खेळलेले, शहरभर 'आयर्न माइक' म्हणून ओळखले जाणारे. वय ५०. या माणसानं शेवटच्या काळात कित्येक रात्री आपल्या पिकअप ट्रकमध्ये काढल्या होत्या. झोप लागावी म्हणून तो स्वतःला टेझरचे, म्हणजे विजेच्या बंदुकीचे, झटके देऊन घ्यायचा, पडलेले दात सुपरग्लूनं चिकटवायचा. मृत्यूचं कारण हृदयविकार. ड्यूटीवर होते डॉ. बेनेट ओमालू, नायजेरियातून आलेले, तिशीतले, ज्यांना हा खेळ धड ठाऊकही नव्हता. त्यांनी कवटी उघडली, मेंदू हातात घेतला, आणि तो अगदी नॉर्मल दिसला.

माझ्या दृष्टीनं चित्रपटातला सर्वांत मोठा क्षण हाच. बाहेरच्या माणसाला तो कळणं अवघड आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ताजा मेंदू खरवसासारखा असतो, बोटाचा जरा जोर पडला की खचतो. त्याचे नीट काप द्यायचे तर आधी दोऱ्यानं बांधून फॉर्मॅलिनच्या बादलीत उलटा टांगावा लागतो आणि तसाच साधारण दोन आठवडे ठेवावा लागतो. मग तो पनीरसारखा घट्ट होतो. मग काप, मग ब्लॉक, मग स्लाइड, आणि मग ज्या प्रथिनाचा संशय आहे त्यासाठीचे खास रंग. प्रत्येक पायरीला वेळ आणि पैसा लागतो. मृत्यूचं कारण हृदयात सापडलेलं असताना, डोळ्यांना ठीक दिसणारा मेंदू ठेवून घ्यायला कोणतंही कार्यालय सांगत नाही. ओमालूंनी तो ठेवून घेतला आणि तपासण्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. ते चित्रपटात आहे आणि खरंही आहे.

मी तो ठेवला नव्हता. नव्वदच्या दशकात, निवासी डॉक्टर असताना, लष्करातून निवृत्त झालेल्या एका मुष्टियोद्ध्याचं शवविच्छेदन माझ्याकडे आलं. घरच्यांनी सांगितलं होतं की गेली काही वर्षं ते विनाकारण हात उगारायचे, पैसे कुणालाही देऊन टाकायचे, रोजच्या वाटेवर चुकायचे. हृदयाच्या धमनीत गुठळी सापडली. मेंदूचं वजन केलं, चार काप दिले, काही दिसलं नाही, परत ठेवला. ब्रिटिश न्यूरोपॅथॉलॉजिस्ट कोर्सेलिस यांचा १५ मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंवरचा १९७३ चा लेख तेव्हा आमच्याच ग्रंथालयात बांधणी करून ठेवलेला होता. मी तो नंतर वाचला. त्या बाईंना 'तुमचे यजमान तसे वागत होते ते त्यांच्या हातात नव्हतं' एवढं वाक्य मी देऊ शकले असते, ते राहून गेलं. म्हणून हा चित्रपट पाहताना मी तिथं थांबते, जिथं बाकीचे पुढं सरकतात.

आता ओमालूंना मायक्रोस्कोपखाली काय दिसलं ते. आपल्या मज्जापेशींना लांबलचक तंतू असतात आणि त्यांच्या आत सूक्ष्म नळ्या असतात. त्या नळ्या धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव टाउ. तंतू वारंवार ताणला गेला की टाउ नळीवरून सुटतं, त्याचं रूप बदलतं आणि गुंताळे होऊन पेशीत साचतं. अल्झायमरमध्येही टाउ साचतं, पण त्याची वाट वेगळी असते. इथं ते मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती, ठिपक्याठिपक्यांनी जमतं, पावसाळ्यात भिंतीच्या कोपऱ्यांना आधी ओल धरावी तसं. खेच त्या खाचांच्या तळाशी जास्त पडते. या रचनेवरूनच आज निदान होतं, आणि २०१६ साली तज्ज्ञांच्या गटानं ती प्रमाण म्हणून मान्य केली. आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई.

चित्रपट पाहून असं वाटतं की आजार आणि नाव दोन्ही ओमालूंनी शोधली. तसं नाही. न्यू जर्सीतलेच, म्हणजे तुमच्याच राज्यातले, डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांच्या 'पंच ड्रंक' अवस्थेवर लेख लिहिला होता. सीटीई हे शब्दही १९४० च्या दशकात वैद्यकीय लेखनात आले. ओमालूंचं श्रेय वेगळं आहे आणि माझ्या मते ते पुरेसं मोठं आहे: हाच आजार व्यावसायिक फुटबॉलपटूमध्ये असू शकतो, हे त्यांनी दाखवलं. वेबस्टर यांच्यावरचा त्यांचा लेख जुलै २००५ मध्ये 'न्यूरोसर्जरी' या नियतकालिकात आला. पुढं त्यांच्या निदानाच्या निकषांवर याच क्षेत्रातल्या लोकांनी आक्षेप घेतले, आणि बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. ॲन मॅकी यांनी शेकडो मेंदू तपासून हा विषय पायावर उभा केला. चित्रपटाला एकच नायक हवा होता, म्हणून ही बाई जवळपास दिसतच नाही. मला याचं वाईट वाटतं.

आणखी एका माणसावर चित्रपटानं अन्याय केला आहे. डेव्ह ड्यूअरसन हे माजी खेळाडू त्यात ओमालूंना हिडीसफिडीस करताना दाखवले आहेत. असं काही घडलंच नाही, असं त्यांच्या कुटुंबाचं म्हणणं आहे. खरे ड्यूअरसन खेळाडूंचे दावे तपासणाऱ्या मंडळावर होते हे खरं, पण फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं ते छातीत गोळी घालून, आणि मागं चिठ्ठी ठेवली की माझा मेंदू तपासणीला द्या. तो मॅकींच्या टेबलावर गेला. सीटीई निघाला. ज्यानं मेंदू वाचवायला हृदय निवडलं, त्याला पडद्यावर खलनायक केलेला पाहणं मला जड गेलं. तसंच ओमालूंचे वरिष्ठ सिरिल वेक्ट यांच्यावरचा खटला फुटबॉल संघटनेच्या रागातून झाला असं चित्रपट सुचवतो, त्याला आधार नाही.

मग एनएफएल, म्हणजे व्यावसायिक संघांची संघटना, निर्दोष होती का? मुळीच नाही. इथं चित्रपट वाढवून सांगत नाही, उलट पुष्कळ गाळतो. संघटनेनं १९९४ मध्ये मेंदूच्या दुखापतींवर समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद दिलं एका संधिवाततज्ज्ञाला. ओमालूंचा लेख मागं घ्यावा, अशी मागणी याच समितीतल्या तिघा डॉक्टरांनी केली. कन्कशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं, झालेला खेळाडू त्याच सामन्यात परत उतरला तरी विशेष धोका नाही, असं या समितीचे लेख सांगत होते. आणि या सगळ्याच्या आधी, वेबस्टर हयात असताना, खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळानं त्यांचं अपंगत्व फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतींमुळे आलं, हे कागदोपत्री मान्य करून पैसे मंजूर केले होते. म्हणजे एका टेबलावर मान्य, दुसऱ्या टेबलावर नाकबूल. सीटीई आणि फुटबॉल यांचा संबंध आहे, हे संघटनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांसमोर पहिल्यांदा मोकळेपणानं मान्य केलं ते मार्च २०१६ मध्ये, चित्रपट लागून जवळपास तीन महिने झाल्यावर.

माजी खेळाडूंनी लावलेल्या दाव्यांत तडजोड झाली, न्यायालयानं ती एप्रिल २०१५ मध्ये मंजूर केली, आणि आजवर १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली. पण तिच्यातलं एक कलम मला अजून टोचतं. मृत्यूनंतर सापडलेल्या सीटीईची भरपाई फक्त त्या मंजुरीच्या तारखेआधी वारलेल्यांच्या घरच्यांना. त्यानंतर गेलेल्याच्या मेंदूत सीटीई निघाला तर त्या निदानाला दमडीही नाही. स्मृतिभ्रंशासारखं काही जिवंतपणी सिद्ध झालं असेल तरच. शिवाय बौद्धिक क्षमतेचं मोजमाप करताना कृष्णवर्णीय खेळाडूंची क्षमता मुळातच कमी धरणारं गणित २०२१ पर्यंत चाललं. त्यामुळे तेवढाच ऱ्हास झालेला गोरा खेळाडू पात्र ठरायचा आणि काळा ठरायचा नाही.

आता तुमच्या मुद्द्याकडे. चित्रपटाचं नाव 'कन्कशन', म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या मोठ्या आघाताकडे जातं: खेळाडू पडला, गरगरला, त्याला बाहेर नेलं. सीटीईचा हिशोब मात्र वेगळ्या वहीत लिहिला जातो. ज्या धक्क्यांनी काहीच होत नाही, मुलगा उठतो, हात झटकतो, पुढच्या डावाला उभा राहतो, त्या धक्क्यांची बेरीज त्यात धरली जाते. वेबस्टर सेंटर होते. सेंटर म्हणजे चेंडू मागं देऊन लगेच समोरच्या धिप्पाड माणसाला डोक्या-खांद्यानं अडवायचं, दर डावात, सामन्यात आणि सरावात, वर्षानुवर्षं. बॉस्टनच्या गटानं २६६ मृत फुटबॉलपटूंचा अभ्यास २०२० च्या सुमारास मांडला. त्यात टॅकल फुटबॉलच्या दर वर्षागणिक सीटीई असण्याचं पारडं सुमारे ३० टक्क्यांनी जड होत गेलं. किती कन्कशन झाली यापेक्षा किती वर्षं खेळला आणि धक्क्यांचा एकूण जोर किती, हे जास्त बोलकं ठरलं.

यावरून हेल्मेटचं उत्तरही मिळतं. डब्यात लावलेला खरवस घ्या आणि डबा जोरात हिसडा. डब्याला ओरखडाही येत नाही, आत मात्र भेग पडते. डबा जाड केला, बाहेरून स्पंज लावला, तरी हिसका आतपर्यंत पोचतोच, विशेषतः डोकं गर्रकन वळतं तेव्हा. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आणि ते मोठंच काम आहे. पूर्वी या खेळात कवटी फुटून मुलं मरत. पण मेंदूचा हिसका ते थांबवत नाही, थोडा कमी करतं इतकंच. तुमच्या यजमानांचं 'चांगली हेल्मेटं आली' हे म्हणणं कवटीपुरतं बरोबर आहे.

चित्रपटात सुतारपक्ष्याचं उदाहरण आहे. त्याची जीभ कवटीला वळसा घालून जाते आणि मेंदूचं रक्षण करते, असं. जिभेचा वळसा खरा. पण २०२२ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिलं तर त्याचं डोकं धक्का शोषत नाही, हातोडीसारखं ताठ राहतं असं निघालं. त्याला निभावतं ते मुख्यतः मेंदू चिमुकला असल्यामुळे. मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

तुम्ही कुठेतरी वाचाल की १११ एनएफएल खेळाडूंपैकी ११० जणांत सीटीई सापडला. आकडा खरा आहे, २०१७ सालचा. पण तो नीट वाचायला हवा. ज्या घरात माणूस बदलला, रागीट झाला, विसरू लागला, त्याच घरचे लोक मेंदूदान करतात. त्यामुळे दर १११ पैकी ११० खेळाडूंना हा आजार होतो, असा अर्थ काढता येत नाही. त्याच अभ्यासात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले १४ जण होते आणि त्यांच्यातल्या तिघांत सीटीई होता, तोही सौम्य. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांत. निवडीचा दोष सगळ्या गटांना सारखाच लावला तरी ही चढण उरतेच, आणि मी तीच पाहते.

एक कळकळीची सूचना, मुलापेक्षा मोठ्यांसाठी. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. जिवंत माणसात कोणत्याही स्कॅननं ते खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून चित्रपट पाहून 'माझ्या भावाला तेच झालंय' असा शिक्का मारू नका. चिडचिड, निराशा, विसरभोळेपणा यामागं नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, दारू, थायरॉइड अशी उपचार होणारी कारणं बहुधा असतात. आपल्याला सीटीई आहे आणि आता काही उपाय नाही, अशी समजूत करून घेतलेले माजी खेळाडू आत्महत्येच्या टोकाला गेलेले आहेत. कुणी तसं बोलत असेल तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.

मुलाला खेळू द्यावं का? माझं मत विचारलंत तर १२ व्या वर्षी टॅकल नको. फ्लॅग फुटबॉल द्या. त्यात कमरेची पट्टी ओढायची असते, माणसाला आडवं करायचं नसतं. धावणं, पासिंग, डावपेच सगळं त्यात आहे, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ आहे, त्यामुळे 'हे लहान मुलांचं' असं त्याला वाटणार नाही. १२ च्या आत टॅकल सुरू केल्यानं पुढं जास्त नुकसान होतं का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. माझा आधार साधा आहे: वर्षं मोजली जातात, तर पहिली दोन-तीन वर्षं वाचवा. मुलांची मान कोवळी असते आणि त्या मानानं डोकं जड, त्यामुळे तेवढ्याच धक्क्याला डोकं जास्त हिसकतं. खेळच बंद करू नका. घरात बसलेल्या मुलाच्या शरीराचं आणि मनाचं जे होतं, तेही मी पाहिलं आहे.

हायस्कूलला गेल्यावर तो पुन्हा हट्ट धरेलच. तेव्हा कोचला भेटा आणि एकच प्रश्न विचारा: आठवड्यात किती दिवस अंगावर जाऊन सराव होतो? बहुतेक धक्के सामन्यात नव्हे, सरावात बसतात. एनएफएलच्या खेळाडूंनी २०११ च्या करारात हंगामभरात पूर्ण पॅड घालून होणारे सराव १४ वर आणून ठेवले. आयव्ही लीग या अमेरिकी विद्यापीठांच्या गटाच्या कोचनी २०१६ मध्ये हंगामातल्या सरावातून टॅकलच काढून टाकलं. मोठी माणसं स्वतःसाठी हे मागून घेतात, तर शाळेतल्या मुलासाठी मागायला संकोच कसला? कोचला तो आकडा सांगता आला नाही, तर संमतिपत्रावर सही करू नका.

आणि कन्कशन झालंच तर. शुद्ध हरपणं आवश्यक नसतं, बहुतेकांची हरपत नाही. गोंधळलेला चेहरा, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उजेड नकोसा होणं, मळमळ, 'धुक्यात आहे' असं वाटणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी मैदानावर परत जाणं नाही. हा अमेरिकेत कायदाही आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं सुरुवात केली आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांनी असे कायदे केले. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, फिट आली किंवा मुलगा उठवून उठेना, तर थेट इमर्जन्सी. एरवी एक-दोन दिवस विश्रांती, पण अगदी अंथरुणाला खिळून नव्हे, मग हलकं चालणं-फिरणं, आधी शाळा आणि मग पायरीपायरीनं खेळ. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, हा जुना सल्ला आता कुणी देत नाही.

मुलाजवळ एक बोलणं आजच करून ठेवा. डोकं दुखतंय असं सांगितलं तर आई आपल्याला खेळातून काढेल, या भीतीनं मुलं लपवतात. सांगितल्यावर रागावणार नाही, हा शब्द त्याला द्या आणि तो पाळा.